राहती जागा

सलग तिसऱ्या वर्षी पाऊस नुसता शिंपडून गेला आणि विहिरीत कमरेइतकं पाणी उरलं, तेव्हा अक्काने पाचातल्या दोन गाई देऊन टाकल्या. उरल्या तीन. भुरी, तांबडी आणि एकशिंगी. तिघींना पाजायला दिवसाला चोवीस बादल्या लागत. रहाटाचा दोर ओढून ओढून अक्काच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना मुंग्या येत, त्या आता दुपारपर्यंत जात नसत. सकाळी धार काढायला बसली की थान हातात आहे की नाही हे तिला डोळ्यांनी बघून ठरवावं लागे.

अक्काने बावन्न वर्षांत लग्न केलं नव्हतं. केलं नव्हतं म्हणजे जमलं नव्हतं, आणि मग वडिलांचे गुडघे गेले, आणि मग तो विषयच कुणी काढला नाही. घरात ती आणि काका, वडिलांचा धाकटा भाऊ. काका अठ्ठ्याहत्तरचे. आयुष्यभर गवंडीकाम केलेलं, त्यामुळे कान गेलेले आणि आवाज शिल्लक.

घर तीन खोल्यांचं होतं आणि त्याच छपराखाली, एका भिंतीपलीकडे, गोठा. वडिलांनी मरण्याआधी दोन वर्षं हे सगळं विश्वस्तांच्या हाती दिलं होतं. एक शाळेतले जुने मास्तर, दुसरे तालुक्याचे वकील. तेव्हा वडील म्हणाले होते, "घर मास्तरांच्या नावावर, राहणं तुमच्या नावावर. कुणी विकायचं नाही, कुणी कुणाला काढायचं नाही. लेक, मुलगा आणि माझा भाऊ. ज्याला गरज पडेल त्याने यावं आणि राहावं."

गरज पडली ती धाकट्याला, अक्काच्या भावाला.

तो शहरात मालाची गाडी चालवायचा. एका सकाळी सामानाने भरलेला टेम्पो अंगणात येऊन थांबला तेव्हा अक्का शेणाची पाटी घेऊन बाहेर पडत होती. धाकटा टेम्पोतून उतरला तो मागच्या बाजूने, हात लावत लावत. त्याच्यामागे त्याची बायको आणि त्याची मुलगी. मुलीला सातवा महिना होता. तिचा नवरा जहाजावर, सहा महिन्यांनी येणारा.

"डोळे गेले गं अक्का," धाकटा म्हणाला. "म्हणजे पूर्ण नाही. मधलं दिसत नाही. तुझं तोंड दिसत नाही, कान दिसतात."

"कधीपासून?"

"वर्ष झालं. लपवलं. मग तपासणीत सापडलो. गाडी गेली, गाडीबरोबर मालकाची खोली गेली."

काका ओसरीवरून ओरडले, "काय म्हणतोय?"

"डोळे गेले म्हणतोय!" अक्का तेवढ्याच जोरात ओरडली.

काकांनी थोडा विचार केला. "मग बरं झालं. मला ऐकू येत नाही, त्याला दिसत नाही. भांडणाचा प्रश्न मिटला."

धाकट्याची बायको हसली नाही. ती टेम्पोकडे बघत होती. त्यात एक मोठं कपाट होतं आणि ते कुठल्याच दारातून आत जाणार नव्हतं, हे तिला अंगणातूनच दिसलं होतं.

कपाट ओसरीवर राहिलं. पुढची खोली धाकट्याला आणि त्याच्या बायकोला, मधल्या खोलीत काका आणि चूल, मागच्या खोलीत अक्का आणि भाची. भाचीला झोपेत कूस बदलायलाही जागा लागे. अक्का भिंतीला चिकटून झोपे. पहाटे उठताना ती आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन बाहेर पडे, आपल्याच घरातून, चोरासारखी.

महिना असाच गेला. धाकट्याची बायको वाईट नव्हती. ती काकांची नखं कापायची, त्यांना ऊन पाण्याने अंघोळ घालायची. इतक्या वर्षांत अक्काला हे सुचलं नव्हतं, वेळही झाला नव्हता. पण शेणाच्या वासाने तिला खोकला यायचा. खोकला खोटा नव्हता. अक्का आत आली की ती दार थोडं उघडं ठेवायची. अक्काने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग ती जेवण गोठ्यातच घेऊन जाऊ लागली. कुणी तिला जा म्हटलं नाही. कुणी राहा असंही म्हटलं नाही.

एका संध्याकाळी ती भुरीची धार काढत असताना धाकटा गोठ्यात आला. भिंतीला हात लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. ओठ हलत होते. पावलं मोजत होता.

"अठरा," तो म्हणाला. "घरातली एकही खोली एवढी नाही."

अक्का दूध काढत राहिली.

"रागावू नको अक्का. मी काय म्हणतो ते ऐक. पोरगी बाळंत होणार. ते मूल कुठे ठेवायचं? इथे फरशी घातली, एक खिडकी फोडली, तर चांगली खोली होते. काका अजूनही थापी धरतील."

"आणि ह्या?"

"तीन गाई. पाणी तरी आहे का? तू बोटं झटकत असतेस दिवसभर. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. हाडं कडकड वाजतात तुझी. आता बस ना घरात. किती दिवस ओढणार?"

"बसून काय करू?"

तो स्वतः महिनाभर बसूनच होता. "मास्तरांना बोलावलंय," तो म्हणाला. "ते ठरवतील तसं."

मास्तर आणि वकील रविवारी आले. मास्तर सायकल हातात धरून चालत, वकील मोटारीतून. अंगणात दोन खुर्च्या टाकल्या. भाचीने चहा दिला. वकिलांनी पिशवीतून वडिलांचा कागद काढला, मग फीत काढली आणि गोठा मोजला. फितीचं दुसरं टोक धरायला त्यांनी अक्कालाच सांगितलं. तिने धरलं. एकशिंगी फितीला जीभ लावायला आली तेव्हा अक्काने तिला कोपराने बाजूला केलं.

"कागदात काय आहे ते आधी सगळ्यांनी ऐका," वकील म्हणाले. "तिघांनाही राहण्याचा हक्क आहे. मालकी कुणाचीच नाही. जागा कुणाला कोणती द्यायची, कोणत्या अटींवर द्यायची, हे आम्ही दोघं ठरवणार. ते ठरवताना कुणाची गरज किती, हे बघायचं. आता गरज उघड आहे. एक बाळंतीण, एक अधू माणूस, एक वृद्ध. बाई, तुम्ही धडधाकट आहात."

"हो," अक्का म्हणाली.

"तुमची खोली तुम्हाला राहीलच. तिथून तुम्हाला कुणी हलवणार नाही. पण गोठा ही काही राहण्याची जागा नाही. हक्क राहण्याचा आहे, जनावरं पाळण्याचा नाही. तेव्हा महिनाअखेर गाईंची व्यवस्था लावा. गोठ्याची खोली करू, ती मुलीला देऊ."

मास्तर बुटाच्या टोकाने मातीत रेघ ओढत होते. त्यांनीच अक्काला बाराखडी शिकवली होती आणि ते तिला अजून पोरी म्हणत. "पोरी, तुला काय वाटतं ते बोल," ते म्हणाले. "तुझ्या बापाने मला याच्यासाठीच ठेवलंय."

अक्काला काय वाटत होतं हे तिने शोधून बघितलं. बोटांसारखंच होतं. आहे हे माहीत होतं, लागत नव्हतं.

"मला कळलं," ती म्हणाली. आणि मग विचारलं, "जो जिथे राहतो, त्याला तिथून हलवता येत नाही म्हणालात?"

"नाही येत," वकील म्हणाले. "प्रत्यक्ष राहत असेल त्याला त्याच्या संमतीवाचून नाही. तुमच्या वडिलांनी ते कलम मुद्दाम घालून घेतलंय. मी तेव्हा नको म्हणत होतो."

"बरं," अक्का म्हणाली आणि चहाच्या कपबश्या उचलून विसळायला घेऊन गेली.

बुधवारी गुरांचा व्यापारी आला. धाकट्याने निरोप धाडला होता. व्यापाऱ्याने भुरीच्या बरगड्या दाबल्या, तांबडीचं तोंड उघडून दात बघितले, एकशिंगीच्या शेपटीखाली हात घालून नाक मुरडलं आणि हात पुसला. "हिचं काही येणार नाही," तो म्हणाला. "हिला तुम्हीच ठेवा, कपडे वाळवायचा दोर शिंगाला बांधायला उपयोगी पडेल."

धाकटा हसला. व्यापारी पुढच्या बुधवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. या सगळ्यात अक्काला कुणी काही विचारलं नाही. ती गव्हाणीत गवत टाकत होती. गवत इतकं वाळलेलं की टाकताना त्याचा भुगा तिच्या पापण्यांवर बसत होता. तिने तो पुसला नाही.

त्याच संध्याकाळी, अजून उजेड असताना, तिने आपली खाट मागच्या खोलीतून ओढत बाहेर काढली. खाटेचा एक पाय दारात अडकला, तेव्हा भाचीने तो उचलून दिला. तिला वाटलं आत्या अंगणात झोपणार, उकडतंय म्हणून. मग अक्काने अंथरूण नेलं. मग कपड्यांची ट्रंक, मग कंदील, मग आरसा आणि कंगवा, मग एक पातेलं, एक ताट, एक तांब्या. गोठ्याच्या दारापाशी, जिथे वासरं बांधायची ती जागा काही महिने रिकामी होती, तिथे तिने तीन बादल्या पाणी ओतून झाडलं आणि खाट टाकली. आरसा खुंटीला लावला. त्यात तांबडीचं पाठमोरं अंग दिसत होतं.

धाकट्याची बायको दारात आली. तोंडावर ओढणी धरलेली. "अक्का, हे काय चालवलंय तुम्ही?"

"राहायला आले."

"गोठ्यात? लोक काय म्हणतील? आम्ही तुम्हाला काढलं म्हणतील!"

"तुम्ही काढलं नाही. कुणी विचारलं तर मी सांगेन."

मग धाकटा आला. त्याने खाटेला हात लावून बघितला, ट्रंकेला लावला. त्याला वकिलांचं वाक्य आठवायला थोडा वेळ लागला. आठवलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "अक्का, तू माझ्याशी असं करशील वाटलं नव्हतं."

"तुझ्याशी काय केलं?"

"गाईंसाठी?"

"सकाळी उठून कुठे जाऊ मी?" ती म्हणाली. "मला सांग ना. सकाळी उठून मी कुठे जायचं?"

तो निघून गेला. काका मात्र आपली खुर्ची घेऊन आले, खाटेशेजारी टेकले आणि गाईंकडे बघत मोठ्याने म्हणाले, "शेजार चांगला आहे."

बुधवारी व्यापारी गाडी घेऊन आला. अक्का गोठ्याच्या दारात भाजी चिरत बसली होती. ती उठली नाही. "राहत्या घरात असं न विचारता शिरत नाहीत," ती म्हणाली. व्यापाऱ्याने धाकट्याकडे बघितलं, धाकट्याने जमिनीकडे. गाडी रिकामी परत गेली आणि जाताना कुंपणाचा खांब वाकवून गेली.

पुढच्या तीन आठवड्यांत अक्काने पाहिलं की गोठ्यात राहणं आणि गोठ्यात काम करणं वेगळं असतं. माश्या तोंडावर बसत. गाई सारख्या काहीतरी करत, मुतत, खाकरत, दाव्याला हिसडे देत. केसांना वास बसला तो धुऊन जाईना. दुकानात तिच्यामागे उभी असलेली बाई दोन पावलं मागे सरकली, ओळखीची बाई. न्हाणीघर घराच्या पोटात होतं. तिथे जायचं तर मधल्या खोलीतून जावं लागे आणि चार जणांनी जेवण थांबवलेलं दिसे. ती मग सगळे उठायच्या आधी विहिरीवरच अंग धुऊ लागली. पाणी गार, वारा गार. आधी शिव्या सुचत, मग त्याही सुचेनाशा झाल्या.

विश्वस्त पुन्हा आले. या वेळी वकील खुर्चीवर बसले नाहीत. गोठ्याच्या दारात उभं राहून त्यांनी खाट बघितली, आरसा बघितला, पातेल्यातलं उकडलेल्या बटाट्यांचं पाणी बघितलं.

"ही चलाखी आहे," ते मास्तरांना म्हणाले. "कलमाचा गैरफायदा."

"बाई झोपते कुठे?" मास्तरांनी भाचीला विचारलं.

"इथेच."

"जेवते कुठे?"

"इथेच, मास्तर."

मास्तर आत गेले. त्यांचा बूट शेणात रुतला, तो त्यांनी गवतावर घासला. खाटेवर बसून बघितलं. अंथरुणाखाली हात घातला, ते ओलसर होतं. मग म्हणाले, "वकीलसाहेब, चलाखी माणूस दोन दिवस करतो. ही राहते आहे."

वकील वाईट नव्हते, हिशेबी होते. त्यांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. मग तसंच धरू. पण एका माणसाला एकच जागा. बाई इथे राहत असतील तर मागची खोली त्यांनी सोडली. ती मुलीला मिळेल. म्हणजे सगळ्यांचीच सोय झाली. पण नीट विचार करा बाई. सही केलीत की घरातल्या कुठल्याही खोलीवर पुन्हा तुमचं म्हणणं चालणार नाही. म्हातारपणी गुडघे गेले, आजार आला, तरी राहायचं इथेच."

"पोरी, घाई नको," मास्तर म्हणाले.

"गाई ठेवता येतील?"

"तुमच्या राहत्या जागेत तुम्ही काय ठेवता तो तुमचा प्रश्न. मात्र अटी राहतील. सांडपाणी घराच्या दारासमोरून जाऊ द्यायचं नाही. शेण रोज कुंपणापलीकडे. आणि तीनच्या वर जनावर नाही."

"वासरू झालं तर?"

वकिलांनी लेखणी थांबवली. "वासरू दूध पितं तोवर धरणार नाही," ते म्हणाले आणि तेही लिहिलं.

कागद ट्रंकेवर ठेवला. अक्काच्या बोटांना लेखणीची जाणीव नव्हती म्हणून तिने ती मुठीत धरली, लहान मुलासारखी. सही वाकडी आली. मास्तरांनी ती बघितली आणि नजर दुसरीकडे वळवली. तिचं अक्षर एकेकाळी वर्गात सगळ्यांत चांगलं होतं.

भाची मागच्या खोलीत स्थिरावली. तिथली भिंत काकांनी चुन्याने पांढरी केली आणि अक्काची खाट जिथे घासायची तो पट्टाही पांढरा झाला. काकांनी मग गोठ्यातही काम काढलं. खाटेच्या आणि गाईंच्या मधे कमरेएवढी भिंत बांधली, सांडपाण्याला मागच्या बाजूने दगडी नाली केली. त्यांना धाप लागे, थापी हातातून सुटे. अक्का विटा देत होती. धाकट्याच्या बायकोने दोनदा चहा पाठवला. नाली पूर्ण झाली त्या दिवशी काका म्हणाले, "बापाने तुला घर दिलं आणि तू गोठा घेतलास. तो असता तर दोन दिवस जेवला नसता."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"काय?"

"तिसऱ्या दिवशी!"

"तिसऱ्या दिवशी धार काढायला आला असता." काका हसले आणि खोकले.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला आणि बेताचा आला. विहिरीत दोन पुरुष उंचीचं पाणी चढलं. भाचीला मुलगी झाली. अक्का बाळ बघायला गेली तेव्हा हातपाय चार वेळा धुऊन, धुतलेले कपडे घालून गेली. बाळ मांडीवर घे असं भाची म्हणाली. अक्का म्हणाली, नंतर. ती उंबऱ्याजवळ थोडा वेळ उभी राहिली. खोली उबदार होती, स्वच्छ होती, आणि तिला ती अजिबात ओळखीची वाटेना. आपण इथे तीस वर्षं झोपत होतो, हे तिने मनात म्हणून बघितलं. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगितल्यासारखं वाटलं. मग गाईंची वेळ झाली म्हणून ती निघाली.

थंडी पडली तशी अक्काला ताप भरला. दोन दिवस तिने अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली आणि पाय खाली टाकले, पण पायांनी तिला उचललं नाही. भुरी हंबरत होती. कास तटतटलेली. अक्का बसल्या जागेवरून तिच्याकडे बघत राहिली. हाक मारावी असं तिच्या मनात आलं नाही. कुणाला मारायची हे ठरवायलाही त्राण नव्हतं.

दाराबाहेर पावलं वाजली, थांबली. कुणीतरी चौकटीला हात लावून चाचपत होतं.

"अक्का," धाकट्याचा आवाज आला. "भुरी केव्हाची ओरडतेय. आत येऊ का?"

तिला काही क्षण प्रश्नच समजला नाही. या गोठ्यात शिरायला आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "डावीकडे भिंत आहे. कमरेएवढी."

तो भिंत धरून आला. तिच्या कपाळाला हात लावायला गेला तो कानाला लागला. "भाजतेय," तो म्हणाला. धारेची कासंडी कुठे आहे ते विचारलं. तिने सांगितलं. त्याने ती घेतली, भुरीच्या पाठीवरून हात फिरवत खाली नेला आणि उकिडवा बसला. वीस वर्षांत त्याने धार काढली नव्हती. पहिल्या धारा त्याच्या पायावर गेल्या. भुरीने पाय उचलला.

"अंगठा आत घे," अक्का म्हणाली. "ओढू नको, दाब."

त्याने अंगठा आत घेतला. कासंडीच्या तळाशी धार वाजली. त्याला बघायची गरजच नव्हती. त्याने डोळे मिटून घेतले होते आणि कपाळ भुरीच्या पोटाला टेकवलं होतं. तिन्ही गाईंची धार व्हायला त्याला तास लागला. अक्काला अर्धा तास लागायचा. झाल्यावर तो कासंडी मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिला.

"घरी चहाला थांबले असतील," अक्का म्हणाली.

"असू देत." कासंडी सावरत तो म्हणाला, "तिथे मी कुणाच्या ना कुणाच्या पायात येतो गं. बाळाच्या, हिच्या. बसलो तरी अडगळ. इथे थोडा वेळ बसू दे."

"बस."

तो बसला. बाहेर धाकट्याच्या बायकोने एकदा हाक मारली, त्याने ओ दिली नाही. तांबडी रवंथ करत होती. अक्काला वाटलं, आपल्याला आता बरं वाटायला हवं, किंवा रडू तरी यायला हवं. दोन्हीची तिने वाट पाहिली. कपाळ तापलेलं होतं आणि पाय गार होते, एवढंच कळत होतं.

"उद्या येऊ?" त्याने विचारलं.

"धार रोजच असते."

तो उठला, दूध न सांडता, भिंत धरून हळूहळू बाहेर गेला. अक्काने खाटेची कड धरली आणि या वेळी ती उभी राहिली. भुरीपाशी गेली, कासेखाली हात नेला. धाकट्याने मागच्या दोन थानांत बरंच दूध ठेवलं होतं. असं ठेवलं की कास बसते, दूध आटतं. ती गुडघे टेकून बसली आणि तांब्या पुढे ओढून राहिलेलं दूध काढू लागली.